डिकीतली बाटली टेबलावर

रात्रीचे साडेआठ. रिसेप्शनची रांग स्टेजपासून दारापर्यंत आलेली, आणि नवरदेवाचे दोन काका, एक आतेभाऊ आणि ऑफिसातले चौघे गायब. ते कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यालयाच्या पार्किंगच्या टोकाला, चिंचेखाली, एका गाडीची डिकी उघडी असते. आत दोन बाटल्या, वेफर्सचं फाडलेलं पाकीट, प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट. कुणी येताना दिसलं की डिकी खाली, माणूस गेला की पुन्हा वर.

माझ्या भाच्याच्या लग्नात हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण दुसऱ्या दिवशी हिशोब माझ्याकडे आला. वॉचमनला 500 रुपये दिलेले. कुंपणाशी बाटल्या आणि ग्लास सापडले म्हणून कार्यालयाने डिपॉझिटमधून 5,000 कापले. शिवाय रात्रभरात डिकीशी जाऊन आलेले पंचवीसेक जण जेवायला आले तेव्हा काउंटर आवरलेलं होतं. त्यांच्या प्लेटा मात्र मोजलेल्या, 450 रुपयांप्रमाणे 11,250. एकूण 16,750 रुपये गेले आणि यात बाटल्यांची किंमत धरलेलीच नाही. एवढ्यात शहराबाहेर एखादी छोटी जागा संध्याकाळपुरती मिळाली असती आणि माणसं खुर्चीत बसून, गरम जेवून घरी गेली असती.

तेव्हापासून नात्यात लग्न निघालं की मी एकच सांगतो: दारूपेक्षा लाज महाग पडते. हा विषय आपण घरात उघडपणे बोलत नाही, कार्यालयवाल्याला विचारत नाही, आणि मग लपवण्याचे पैसे भरतो. लग्नात दारू असावी असा माझा आग्रह नाही. नसेल तर फार उत्तम, खर्च आणि कटकट दोन्ही वाचतात. पण ती होणारच असेल, तर परवडणारी आणि बाटली आपली आपण आणू देणारी जागा कशी शोधावी, याचा हा अनुभवातून जमलेला वानवळा.

आधी घरात ठरवा

जागा शोधायला निघण्यापूर्वी तीन गोष्टी पक्क्या करा: कोणत्या कार्यक्रमात, किती जणांसाठी आणि जबाबदार माणूस कोण.

यातली पहिली सर्वांत महत्त्वाची. चारशे माणसांचं लग्न लागेल आणि दारूही चालेल अशी जागा शोधायला गेलात, तर पर्याय मूठभर मिळतात आणि ते महाग असतात. त्याऐवजी कार्यक्रम दोन करा. लग्न आणि पंगत नेहमीच्या मंगल कार्यालयात. बैठक वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी, साठ-सत्तर जणांची. साठ जणांना सामावणाऱ्या जागा भरपूर असतात आणि त्यांचं भाडं चारशे जणांच्या लॉनच्या निम्म्याहूनही कमी असू शकतं. हा एक निर्णय जेवढे पैसे वाचवतो तेवढे पुढची कुठलीही घासाघीस वाचवत नाही.

बैठक कधी ठेवायची हे घराघरावर आहे. कुणी संगीताच्या संध्याकाळी ठेवतं, कुणी लग्नानंतर पंधरा दिवसांनी मित्रमंडळींसाठी. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी भागात हळदीची रात्र हीच मोठी. मात्र तिथल्याच काही गावांनी हळदीत दारू नको असे ठरावही केले आहेत. तुमच्या गावाने असं काही ठरवलं असेल तर ते आधी विचारून घ्या. गावाच्या विरोधात जाऊन केलेली बैठक कुणालाच गोड लागत नाही.

मग समोरच्या घराशी बोला. व्याह्यांना शेवटच्या दिवशी कळलं तर रुसवा ठरलेला. विहिणींनी एकमेकींना साधं सांगितलं की, "आमच्याकडे मुलांची शनिवारी वेगळी बैठक आहे, तुमच्यातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी या," तर प्रश्न तिथेच मिटतो.

परवान्याची भीती नको, विसर तर नकोच

महाराष्ट्रात हॉल, लॉन किंवा फार्महाऊसवर पार्टीत दारू द्यायची असेल, मग ती फुकट का असेना, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. फी जागा आणि उपस्थितीप्रमाणे बदलते, तेव्हा त्या वर्षीचा आकडा जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयातूनच घ्या आणि बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. बऱ्याच घरांच्या बजेटात ही ओळ नसतेच, आणि मग "स्वस्त" जागा ऐन वेळी महाग होते.

दुसरा कागद पिणाऱ्याचा. आपल्याकडे दारू बाळगायला आणि प्यायलाही वैयक्तिक परवाना लागतो, हे अजून अनेकांना थट्टेचं वाटतं. विदेशी मद्यासाठी तो एका दिवसाला 5 रुपये, वर्षाला 100 आणि आजीवन 1,000 रुपये असा मिळत आला आहे. देशीचा एक दिवसाचा 2 रुपयांना. एक दिवसाचे परवाने वाईन शॉपमध्येही मिळतात. घरातल्या दोन-तीन जबाबदार माणसांकडे तरी आजीवन परवाना असू द्या. बाटल्यांचे खोके गाडीतून नेताना कुणी अडवलं, तर तो आणि दुकानाचं बिल हे दोनच कागद कामाला येतात.

तिसरी गोष्ट वयाची. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी 21 वर्षं, कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. नवरदेवाचे कॉलेजातले मित्र बहुधा या दोन आकड्यांच्या मधेच असतात. काउंटरवर उभ्या राहणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

तारीख पाहताना कॅलेंडर दोनदा पाहा

एकदा मुहूर्तासाठी, एकदा ड्राय डेसाठी. राज्यात 26 जानेवारी, 30 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 8 ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी हे दिवस कोरडे असतात. त्या वर्षीची यादी एकदा तपासून घ्या. कार्तिकीची गंमत ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं लागतात आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम उघडतो, म्हणून नेमक्या एकादशीच्या संध्याकाळी संगीत ठेवणारे दरवर्षी कुणी ना कुणी निघतात.

निवडणूक असेल तर आणखी जपून. मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद असते, मतमोजणीच्या दिवशीही. विधानसभा-लोकसभेच्या तारखा सर्वांना कळतात, पण नगरपालिका-ग्रामपंचायतीच्या तारखा तुमच्या जागेच्या तालुक्यात चौकशी केल्याशिवाय कळत नाहीत.

आणि जिल्हा पाहा. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. नागपूरच्या मंडळींना वर्ध्याच्या बाजूचं एखादं लॉन स्वस्त मिळतं, पण तिथे बाटली नेण्याचा विचारही करू नका. वऱ्हाड वडोदऱ्याला किंवा सुरतेला जात असेल तर तेच. गुजरात दारूबंदीचं राज्य आहे, "लग्नाचं आहे हो" या उत्तराला तिथे किंमत नाही.

आता कॅलेंडरातली बचत. लग्नासाठी मुहूर्त लागतो, बैठकीला लागत नाही. मुहूर्ताच्या दिवशी जागांचे दर चढे असतात, तर चातुर्मासात, पौषात आणि आठवड्याच्या मधल्या वारी त्याच जागा रिकाम्या पडलेल्या असतात. आता पंचांगात काढीव मुहूर्त मिळतात, पण कार्यालयवाल्याची वही अजून जुन्याच चालीने भरते. एखाद्या गुरुवारी किंवा पौषातल्या शनिवारी जागा मागा आणि दर ऐका.

कुठे विचारायचं, कुठे वेळ घालवायचा नाही

ट्रस्टची, देवस्थानाची, ज्ञातिसंस्थेची किंवा शाळेची कार्यालयं: इथे विचारूच नका. नियम स्पष्ट असतो आणि तो बरोबरच असतो. लग्न मात्र तिथेच करा, कारण भाडं सहसा तिथेच कमी असतं.

परमिट रूम असलेली हॉटेलं आणि रिसॉर्ट: यांच्याकडे स्वतःचा परवाना असतो आणि दारूच्या साठ्याची नोंद ठेवावी लागते. बाहेरची बाटली ते सहसा घेत नाहीत. एखादा मॅनेजर "आणा हो, बघू" म्हणाला तर उलट सावध व्हा. इथे पिण्याचा खर्च मेन्यूच्या दराने होतो आणि परमिट रूममधल्या दारूवर 10 टक्के व्हॅटही लागतो. जागा आरामाची, पण स्वस्त नाही.

जिमखाने आणि क्लब: बाटली आणता येत नाही, पण नात्यात कुणी सभासद असेल तर सभासदांच्या दरातला पेग आणि हॉल मिळून कधीकधी सगळ्यांत स्वस्त पडतं. आपली बाटली आणण्याचा हट्ट का धरायचा, तर पैसे वाचवायला. ते दुसऱ्या वाटेने वाचत असतील तर हट्ट सोडावा.

शहराबाहेरची लॉन्स: मोठ्या लॉनच्या मागे बहुतेकदा एक छोटा हॉल किंवा गच्ची असते, मालकाच्या घरच्या कार्यक्रमांसाठी ठेवलेली. ती जाहिरातीत नसते. प्रत्यक्ष जा, चहा घ्या, आणि "मागे काही लहान जागा आहे का?" असं विचारा. मला सर्वांत चांगल्या दोन जागा अशाच मिळाल्या.

फार्महाऊस आणि भाड्याचे बंगले: कर्जत, नेरळ, मुळशी, पानशेत, अलिबाग. साठ जणांच्या बैठकीला उत्तम. पण तीन गोष्टी पाहा. राहण्याचा दर किती माणसांचा आणि पुढच्या प्रत्येक माणसाला किती. गावातला रस्ता रात्री बस वळवण्याएवढा रुंद आहे का. आणि तुमच्या परवान्याच्या अर्जासाठी मालक संमतीपत्र द्यायला तयार आहे का. तिसऱ्याला "नाही" म्हणणारा मालक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कितीही गोड देवो, तिथून उठा.

सोसायटीचा क्लबहाऊस किंवा गच्ची: भाडं नावापुरतं. पण बहुतेक सोसायट्या दारूला परवानगी देत नाहीत आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा पोलिसांना फोन करू शकतात. कमिटीचं लेखी पत्र मिळालं तरच.

गावचा वाडा किंवा आपलं अंगण: याहून स्वस्त काही नाही. मांडववाला, आचारी आणि खुर्च्या एवढाच खर्च. जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते रुचेल का, एवढा प्रश्न मात्र पैशांच्या आधी विचारा.

फोनवरचा "ॲडजस्ट"

एक संभाषण नमुन्यादाखल. असं मी निदान दहा वेळा ऐकलं आहे.

"दादा, संध्याकाळच्या फंक्शनला ड्रिंक्स चालतील का? बाटल्या आम्हीच आणू."

"तसं अलाउड नाही सर. पण करू ना ॲडजस्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे मागच्या बाजूला बसा. कोणी विचारणार नाही. आमच्या मुलांचं तेवढं बघा."

या "ॲडजस्ट"मध्ये सगळी मेख आहे. पोलीस आले, शेजाऱ्यांनी तक्रार केली किंवा मालक बदलला, तर तो माणूस तुम्हाला ओळखणार नाही. "मुलांचं तेवढं बघा"चा आकडा तर त्या रात्री साडेदहाला कळतो, जेव्हा घासाघीस करायची ताकद तुमच्यात उरलेली नसते. म्हणून उत्तर एकच द्या: "दादा, चालत असेल तर पावतीवर लिहून द्या, नसेल तर तसं सांगा. आमची काही हरकत नाही." खरी परवानगी असलेला माणूस लिहून देतो.

ॲडव्हान्स देण्याआधी पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर हे मुद्दे लेखी घ्या:

1. बाहेरून दारू आणायला परवानगी आहे, आणि परवान्यासाठी संमतीपत्र मिळेल.
2. कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडण्याचं शुल्क, आहे का? असेल तर बाटलीमागे, माणसामागे की एकरकमी? बिअरला वेगळं का?
3. काचेचे ग्लास, बर्फ, फ्रीज किंवा आइस बॉक्स कुणाचा? फुटलेल्या ग्लासाला किती?
4. वाढायला माणसं कुणाची, किती वाजेपर्यंत, जास्तीच्या तासाला किती?
5. केटरर बाहेरचा चालतो की त्यांचाच घ्यावा लागतो? त्यांचाच असेल तर कमीत कमी किती प्लेट?
6. संगीत किती वाजता बंद?
7. डिपॉझिट कशासाठी कापलं जाईल आणि उरलेलं किती दिवसांत परत मिळेल?
8. परवाना नाकारला गेला किंवा अचानक ड्राय डे जाहीर झाला, तर तारीख बदलून मिळेल का?

पाचवा मुद्दा नीट वाचा. बाटली फुकट आणू देणाऱ्या जागा बहुधा जेवणात वसूल करतात. "कॉर्केज काही नाही सर" ऐकून खूश होऊ नका, प्लेटचा दर आणि किमान संख्या विचारा.

हिशोब कागदावर मांडा

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा बैठकीला 100 जण, त्यातले पिणारे 60. तीस कडक घेणारे, वीस बिअरचे, दहा वाईनचे.

आपल्याकडचं जुनं माप सोपं आहे: कडक घेणाऱ्याला माणशी एक क्वार्टर. क्वार्टर म्हणजे 180 मिलि, म्हणजे 60 चे तीन पेग. तीस जणांचे 5,400 मिलि, 750 च्या आठ बाटल्या पुरतात आणि थोडी उरते. बिअर माणशी 650 मिलीच्या दोन, म्हणजे 40. वाईनच्या 750 मिलीत 150 चे पाच ग्लास बसतात. माणशी अडीच ग्लास धरले तर पाच बाटल्या. या मापावर "असू द्या हो" म्हणून दुप्पट आणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. त्याला प्रेमाने थांबवा. शिल्लक बाटल्या रात्री संपवण्याची जबाबदारी मग नको त्या माणसांवर येते.

आता दोन जागा. पहिलीचं भाडं 40,000. कॉर्केज दारू-वाईनच्या बाटलीला 500, बिअरला 100. तेरा बाटल्यांचे 6,500, बिअरचे 4,000. ग्लास, बर्फ, दोन वाढपी बाहेरून आणले तर 9,000. एकूण 59,500. दुसरीचं भाडं 55,000, कॉर्केज नाही, ग्लास-बर्फ-वाढपी धरून. भाड्याच्या आकड्यावर गेलात तर पहिली स्वस्त वाटते. सगळं धरलं तर दुसरी साडेचार हजारांनी स्वस्त. कॉर्केजला आमचे एक काका "बूचपट्टी" म्हणतात. पट्टी कुठलीही असो, ती आधी विचारावी हे त्यांचं म्हणणं.

तिसरा प्रकार पॅकेजचा, "अनलिमिटेड ड्रिंक्स, माणशी अमुक." इथे एकच विचारा: माणशी म्हणजे पिणारा माणूस की आलेला माणूस? पिणारे साठ आणि बिल शंभरांचं, असं पुष्कळदा होतं.

बाटल्यांच्या किमतीचा अंदाज मात्र दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नावरून बांधू नका. जून 2025 मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क घोषित उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. भावाच्या लग्नातला "आठ बाटल्या आल्या होत्या एवढ्यात" हा आकडा आता चालत नाही. दुकानात जाऊन भाव लिहून आणा.

बाटली कुठून आणू नये

कुणीतरी म्हणेलच, "गोव्यातून आणू की, निम्म्यात पडेल." गोव्यात कर कमी, म्हणून किंमत कमी, हे खरं. पण फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेली बाटली महाराष्ट्रात आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. खोक्यांनी भरलेल्या गाडीत "घरचं लग्न आहे" हे उत्तर कामाचं नाही. माल जातो, गाडी अडकते, आणि नवरीचा मामा लग्नाऐवजी कोर्टात.

दुसरी सूचना येते ती मिलिटरीच्या कोट्याची. कॅन्टीनची दारू ज्याला मिळते त्याच्या स्वतःच्या वापरासाठी असते, विकण्यासाठी नव्हे. निवृत्त फौजी काकांनी आपल्या वाट्यातली एखादी बाटली बैठकीत प्रेमाने उघडली तर ती गोष्ट वेगळी. पण "त्यांच्या ओळखीने दहा बाटल्या" असा व्यवहार त्यांच्याही अंगाशी येतो.

तिसरा सर्वांत धोक्याचा: "माझ्याकडे माणूस आहे, बिलाशिवाय देतो." बनावट दारूत काय मिसळलं आहे हे चवीवरून कळत नाही, आणि मिथेनॉल असेल तर डोळे जातात, जीव जातो. साठ पाहुण्यांवर हा प्रयोग करायचा नसतो. परवानाधारक दुकान, सीलबंद बाटली, पक्कं बिल. मोठी खरेदी असेल तर दुकानदार हसून थोडं कमी करतो, तेवढी बचत पुरे.

गोव्यातच करायचं असेल तर

गोव्यातल्या, विशेषतः ख्रिस्ती घरांतल्या लग्नात बार काउंटर लपवावं लागत नाही. टोस्ट हा कार्यक्रमाचाच भाग असतो आणि पाहुणे नवरा-नवरीसमोर ग्लास उंचावतात. त्यामुळे यजमानाने स्वतःची दारू आणून केटररच्या माणसांकरवी वाढून घेणं तिथल्या हॉलवाल्यांना नवीन नाही. तिथे पिण्याचं कायदेशीर वय 18 आहे. अबकारी खात्याची परवानगी लागते का आणि ती कोण काढणार, हे मात्र हॉलवाल्याकडून लेखी घ्याच.

स्वस्त हवं असेल तर समुद्र थोडा लांब ठेवा. किनाऱ्यावर मांडव घालायचा तर किनारपट्टी नियमांखालची परवानगी लागते आणि खर्च वाढतो. आत, फोंडा-डिचोलीकडे, हॉल स्वस्त असतात, आणि सावंतवाडी-दोडामार्गच्या आपल्या लोकांना तर ते घरच्या अंगणासारखे. मार्च ते मे दरम्यान जात असाल तर काजूचा ताजा उर्राक मिळतो. महागड्या स्कॉचपेक्षा पाहुण्यांना त्याची आठवण जास्त राहते, आणि खिशालाही. फक्त तो तिथेच प्यावा, परतीच्या बॅगेत नको.

ती रात्र

काउंटर जेवणाच्या जवळ ठेवा, स्टेजपासून लांब. चकणा आधी येऊ द्या, रिकाम्या पोटी पेग नको. न पिणाऱ्यांना कोपऱ्यात उभं करू नका. त्यांच्यासाठी सोलकढी, पियूष, कोकम सरबत त्याच टेबलावर, त्याच दिमाखात ठेवा.

काउंटरवर नवरदेवाचा मित्र उभा करू नका. त्याला कुणालाच "बस झालं" म्हणता येत नाही. पगारी वाढपी ठेवा आणि घरातला एक न पिणारा माणूस त्याच्यामागे. आमच्याकडे ही जागा धाकट्या आत्याची असते, आणि तिच्या नजरेपुढे चौथा पेग मागायची छाती आजवर कुणाची झाली नाही.

ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवण्याचा नियम देशभर आहे. बार त्याच्या पंधरा मिनिटं आधी बंद करा. संगीत थांबलं आणि बार चालू राहिला की आवाज माणसांचा वाढतो.

आणि परत जाण्याची व्यवस्था. रक्ताच्या 100 मिलीत 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साठ जणांसाठी तीन-चार टेम्पो ट्रॅव्हलर पुरतात. तो खर्च जागेच्या भाड्यातच धरा. जागा गावापासून चाळीस किलोमीटरवर असेल आणि गाड्यांचे पैसे वेगळे पडणार असतील, तर ती स्वस्त जागा नव्हेच. माझ्या यादीत जागेचं अंतर म्हणूनच भाड्याच्या शेजारच्या रकान्यात असतं.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाआधी आम्ही असंच केलं. लग्न ज्ञातीच्या कार्यालयात, बैठक आदल्या शनिवारी, एका लॉनच्या मागच्या छोट्या हॉलमध्ये. परवान्याची प्रत काउंटरमागे भिंतीला चिकटवलेली. आजी दहा मिनिटं येऊन बसल्या. टेबलाकडे पाहून म्हणाल्या, "अरे, एवढीच होय? मला वाटायचं तुम्ही लोक पिंपं पिता." पावणेदहाला आत्याने काउंटर बंद केलं. दोन बाटल्या न उघडता उरल्या, जेवणाचं एकही पान वाया गेलं नाही.

निघताना मी सवयीने पार्किंगच्या टोकापर्यंत चक्कर मारली. तिथे फक्त गाड्या होत्या, आणि सगळ्यांच्या डिक्या बंद.